घर क्रमांक 112

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी सचिव आहे. गेल्या डिसेंबरमधल्या एका सोमवारी, कार्यालय उघडायच्या आधीच, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बाहेरच्या सोप्यावर उभे होते. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी सैन्याचे डिस्चार्ज बुक जपून आणले होते. नाईकपदावर असताना, पेन्शनसाठी लागणारी 15 वर्षे भरण्याआधीच, मनुष्यबळ कपातीत त्यांना घरी पाठवण्यात आले होते. पुढे ते खाणीवर राखणदार होते आणि तिथल्याच खोलीत राहत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर ती खोलीही गेली. गेली काही वर्षे ते देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांसाठीच्या खोल्यांत, झोपत होते.

पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या 65 वर्षांवरील निराधार माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्ड पेन्युरी ग्रँट देते आणि 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी ती महिना 4,000 वरून 8,000 रुपये झाली आहे. तेवढ्यात त्यांचे भागले असते. परंतु एका कार्यालयाने रहिवासी दाखल्याअभावी त्यांचा अर्ज परत केला होता. दाखल्याच्या आमच्या नमुन्यात घर क्रमांकाचा रकाना आहे.

"बाय, घरच नाही, तर नंबर कुठला घालू?" त्यांनी विचारले. मला लगेच उत्तर देता आले नाही. बेघरांसाठी रात्रनिवारे उभारण्याची केंद्राची योजना शहरांपुरती आहे. गावात माणूस बेघर असू शकतो, हे आमच्या कोणत्याच नमुन्याने गृहीत धरलेले नाही, आणि ही उणीव मला त्या दिवसापर्यंत जाणवली नव्हती, याचे वाईट वाटते.

मी त्यांना वडिलांचे नाव विचारले आणि कपाटातून घरपट्टीच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. वाळवीने कडा खाल्लेल्या तिसऱ्या वहीत ते नाव सापडले: घर क्रमांक 112, शेऱ्यात 'मुंडकार', म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा. घर एका पावसाळ्यात कोसळले, पट्टी थकली, पण क्रमांक कोणी रद्द केला नव्हता.

दुपारी सरपंच, तलाठी आणि मी जागेवर गेलो. रानात चिऱ्यांचे जोते शाबूत होते. टेप उलगडेपर्यंत आजोबांनी ते पावलांनी मोजूनही टाकले. आमच्या मापात ते 31 चौरस मीटर भरले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान 25 लागतात आणि सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. मात्र पायाखालची जमीन आपली असल्याचा कागद लागतो, आणि इथे जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. 1975 च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. परंतु पडलेल्या घराच्या वारसाला तो उरतो की नाही, हे मामलेदारांनी ठरवायचे.

संध्याकाळी पंचनाम्याच्या आधारे मी त्यांना दाखला दिला. पेन्युरी ग्रँटचा अर्ज दुसऱ्या दिवशी पणजीला गेला. मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले, कारण पुन्हा एखाद्या खिडकीवरून त्यांना परत पाठवले जाणे मला सहन झाले नसते. घराचा अर्ज मामलेदारांकडे आहे. पहिल्या सुनावणीला भाटकाराकडून कोणी आले नाही, म्हणून पुढची तारीख पडली. तोपर्यंत आजोबा अग्रशाळेतच आहेत, आणि सवड मिळेल तसे जोत्यावरचे रान काढत आहेत.