कोयनेल

आमच्या आजीची कडूपणाची मापं ठरलेली होती. मेथी कडूत धरायचीच नाही, मग कारलं, मग कडुनिंब आणि सगळ्यांच्या डोक्यावर कोयनेल. कारल्याची भाजी बिघडली की ताट सरकवून म्हणायची, "नुसतं कोयनेल झालंय!" लहानपणी हिवतापात तिला नाक दाबून ते पाजलं होतं.

परवा वाण्याकडून टॉनिक वॉटरची बाटली घेतली. नोटा तपासायच्या दिव्याखाली त्याने माझी पाचशेची नोट धरली, बाटली शेजारीच होती, आणि आतलं पाणी निळंशार उजळलं! वाणी दचकला. लेबलावर बारीक अक्षरांत होतं, क्विनाईन, म्हणजे आजीचं कोयनेलच. अतिनील प्रकाशात ते असं चमकतं. औषध म्हणून मात्र उपयोग शून्य. हिवतापाच्या डोसाएवढं क्विनाईन हवं तर दिवसाला वीसेक लिटर रिचवावं लागेल.

हे मूळचं अँडीज पर्वतातल्या सिंकोनाच्या सालीतलं. 1820 मध्ये पेल्तिए आणि काव्हेंतू या फ्रेंच जोडीने ते वेगळं काढलं. झाडाचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1742 मध्ये ठेवलं, तेही पेरूच्या व्हाइसरॉयच्या बायकोवरून, चिंचोनच्या काउंटेसवरून. या सालीने बाईंचा ताप उतरला, अशी कथा होती. पुढे व्हाइसरॉयच्या चिटणिसाची रोजनिशी हाती आली, तर तीत बाईंच्या हिवतापाचा पत्ताच नाही! शिवाय लिनियसने स्पेलिंगमधला एक 'एच' खाल्ला तो खाल्लाच.

मला रुखरुख लागते ती मानुएल इंक्रा मामानीची. हा बोलिव्हियातला आदिवासी साल गोळा करणारा. नुसती पानं बघून चांगलं झाड ओळखायचा. थंडीने फुलं करपत, म्हणून वर्षानुवर्षं थांबून त्याने चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी बी जमवलं. इंग्रज सरकारने ते नाकारलं. 1865 मध्ये डचांनी थोडं घेतलं, जावात लावलं, आणि पुढे जगाचं बहुतेक क्विनाईन तिथूनच येऊ लागलं. निलगिरीत इंग्रजांनी आधीच लावलेली झाडं त्यापुढे फिकी पडली. त्या जातीला नाव मिळालं 'लेजरियाना'. मामानीला बी चोरून दिल्याबद्दल तुरुंग आणि मार मिळाला. त्यातच तो गेला.

क्विनाईन हा शब्द मात्र तिकडच्या क्वेचुआ भाषेतल्या 'किना'वरून आलाय. किना म्हणजे साल. काउंटेस, लिनियस, लेजर यांतलं कुणीच आजीच्या कानावर गेलं नव्हतं. पण भाजी बिघडली की त्या डोंगरातला शब्द तिच्या तोंडून निघायचा, आणि आजोबा निमूट ताक वाढून घ्यायचे.