बेल कर्व्ह जमिनीवर झोपतो तेव्हा

लेथवरून उतरलेल्या १०० शाफ्टचे व्यास, मूळ माप २५ मिमी. ग्राहकाकडच्या तपासनिसाला हिस्टोग्राम हवा होता, म्हणजे कोणत्या वर्गात किती मापं पडली ते दाखवणारे खांब, आणि त्यावर बेल कर्व्ह, म्हणजे नॉर्मल वितरणाचा घंटेसारखा वक्र. खांब दहा मिनिटांत उभे राहिले, वक्राने मात्र अख्खी दुपार खाल्ली.

एक्सेलच्या वाटेला जाणार असाल तर तिथला तयार हिस्टोग्राम चार्ट घेऊ नका. २०१६ च्या आवृत्तीपासून तो मिळतो, दिसतोही छान, पण त्यावर दुसऱ्या प्रकारचा चार्ट चढवता येत नाही. साधा कॉलम चार्टच बरा, गॅप विड्थ शून्य टक्के. वर्गांच्या वरच्या मर्यादा एका रकान्यात, शेजारी प्रत्येक वर्गातले नग मोजणारं फ्रीक्वेन्सी फंक्शन. जुन्या आवृत्तीत आधी सगळे सेल निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर. हे फंक्शन मर्यादांपेक्षा एक उत्तर जास्त देतं. शेवटच्या मर्यादेच्या वर गेलेली मापं त्यात येतात, म्हणून ते शून्यच हवं.

आता वक्र. सरासरी २५.००४, प्रमाण विचलन ०.०१२ (नमुना आहे, म्हणून एसटीडीईव्ही.एस), वर्गांतर, म्हणजे एका वर्गाची रुंदी, ०.००५. वक्राची उंची काढणाऱ्या नॉर्म.डिस्ट फंक्शनला माप, सरासरी, विचलन आणि शेवटी फॉल्स दिलं. सर्वांत उंच खांब १८ चा, आणि वक्राचं टोक थेट ३३ वर! तीच मापं मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) टाकली, तर टोक ०.०३३ वर, म्हणजे वक्र आडव्या अक्षावर सपाट झोपलेला. सरासरी तीनदा तपासली. ती बरोबरच होती.

घोळ असा, की नॉर्म.डिस्ट नग मोजून देत नाही, घनता देतं: दर मिलिमीटरमागे किती हिस्सा. म्हणून तर एकक बदललं की उंची हजारपटीने बदलते. खांबांच्या मापात आणायला त्या उत्तराला एकूण नग आणि वर्गांतर, दोन्हींनी गुणायचं. १०० गुणिले ०.००५ म्हणजे ०.५, आणि ३३.२ चे झाले १६.६. मायक्रॉनमध्ये १०० गुणिले ५ म्हणजे ५००, ०.०३३२ चे पुन्हा १६.६. नुसत्या नगांनी गुणून थांबलात तर फसाल. पडताळा सोपा आहे: दोन्ही टोकांना दोन-दोन रिकामे वर्ग जोडा आणि वक्राच्या रकान्याची बेरीज करा. ती १०० च्या अगदी जवळ आली पाहिजे.

हे गणित टाळायला बरेच जण वक्राला दुय्यम अक्ष, म्हणजे उजवीकडे वेगळा उभा अक्ष, देऊन मोकळे होतात. पहिल्यांदा मीही तेच केलं. चित्र सुरेख येतं, पण दोन अक्षांचा एकमेकांशी संबंधच नसतो, त्यामुळे न जुळणारी मापंही जुळल्यासारखी दिसतात. तपासनिसाने नेमका तोच चार्ट परत पाठवला. तेव्हा राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

नॉर्म.डिस्टला वरची मर्यादा देऊ नका, वर्गाचा मध्यबिंदू द्या, म्हणजे वरच्या मर्यादेतून अर्धं वर्गांतर वजा. नाहीतर वक्र अर्धा खांब डावीकडे सरकतो आणि लेथचं सेटिंग बिघडल्याचा भास होतो. मग चार्टमधल्या वक्राच्या सीरीजचा प्रकार बदलून लाइन करा, स्मूथ्ड लाइनवर खूण करा.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.००१ असेल तर मर्यादा २४.९७६५, २४.९८१५ अशा, अर्ध्या लीस्ट काउंटवर ठेवा. मर्यादा २५.००५ अशी ठेवली आणि ती ०.००५ मिळवत-मिळवत काढली असेल, तर दशांशातल्या सूक्ष्म चुकीमुळे नेमकं २५.००५ चं माप कधी या वर्गात, कधी पुढच्या वर्गात पडतं.

आणि एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिस या अ‍ॅड-इनमधला हिस्टोग्राम वापरलात तर मापं बदलल्यावर तो पुन्हा चालवावा लागतो, आकडे आपोआप हलत नाहीत. दोन लेथचे शाफ्ट एकाच ट्रेमध्ये मिसळले असतील तर आधी ते वेगळे करा. सूत्र दोन शिखरांच्या ढिगावरही निमूटपणे एकच घंटा काढून देतं.