तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरच्या स्लॅबवरून नेपच्यूनपलीकडचं काय सापडणार?

"शहराच्या उजेडात, एवढ्याशा दुर्बिणीतून नेपच्यूनच्या पलीकडचं काय दिसणार हो?" रमण विज्ञान केंद्रात कुणी ना कुणी हे विचारतंच.

दिसत नाहीच. दोन-तीन किलोमीटरचा बर्फाळ गोळा सूर्य-पृथ्वी अंतराच्या चाळीसपट लांब असला, तर तो जगातल्या सर्वात मोठ्या दुर्बिणीलाही दिसत नाही. पण फिरता फिरता तो एखाद्या ताऱ्याच्या आड येतो आणि तारा क्षणभर मंदावतो. हे पिधान. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने धावते, त्यामुळे अशा गोळ्याची सावली आपल्यावरून सेकंदाच्या अंशात निघून जाते. शिवाय प्रकाश कडांना वळसा घालतो, म्हणून तारा पूर्ण विझतही नाही.

2009 साली हबल या अवकाश दुर्बिणीच्या दिशा धरून ठेवणाऱ्या संवेदकांच्या जुन्या नोंदींत एका ताऱ्याच्या उजेडात असा 0.3 सेकंदांचा खळगा, म्हणजे क्षणिक घट, सापडला. गोळा जेमतेम किलोमीटरभर व्यासाचा. मला मात्र जपानचं काम जास्त जवळचं वाटतं. मियाको बेटावर एका शाळेच्या छतावर त्यांनी 28 सेंटीमीटरच्या दोन दुर्बिणी मांडल्या, सेकंदाला 15 चित्रं घेत सुमारे 2000 तारे 60 तास टिपले, आणि 2019 मध्ये सुमारे 1.3 किलोमीटर त्रिज्येचा गोळा सापडल्याचं जाहीर केलं. अकरा इंची दुर्बिणी! असल्या दुर्बिणी हौशी लोकांकडेही असतात.

दोन कशाला? खरी मेख इथेच आहे. हवेमुळे तारा लुकलुकतोच. वैशाखात आपला स्लॅब मध्यरात्रीही तापलेला असतो. स्क्रीनवर ताऱ्याचा आलेख नुसता थरथरत असतो. त्यातला कुठला खळगा हवेचा, कुठला गोळ्याचा, हे एकट्या दुर्बिणीला सांगता येत नाही. थोड्या अंतरावरच्या दुसरीनेही नेमक्या त्याच क्षणी तोच खळगा टिपला, तरच त्याला अर्थ.

जपान्यांनी धनु राशीतले दाट तारे निवडले होते. जून-जुलैत रात्रभर धनू आकाशात असते, पण तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणून नागपूरकरांना एप्रिल-मेच्या उत्तररात्रीच धराव्या लागतात.

सध्या मी लघुग्रहांची पिधानं नोंदवतो. त्यांची वेळ आधी कळते, एका दुर्बिणीवर भागतं. पलीकडच्यांसाठी जोडीदार हवा. तुमच्याकडे अकरा इंची दुर्बीण पडून असेल, तर मे महिन्यात माझ्या स्लॅबवर घेऊन या.