ओट्यावरचं लिंबू

कडप्प्याच्या ओट्यावर कापलेलं लिंबू पाच-दहा मिनिटं पालथं राहिलं, की तिथे पांढुरकं कडं उमटतं. ते कशानेही पुसलं जात नाही. मग कोणीतरी सुचवतं, ‘सीलर मारून घ्या.’ सीलर म्हणजे दगडात मुरून डाग अडवणारा द्रव. तो मारला जातो आणि पुढच्या लिंबाला पुन्हा तेच कडं.

बिचाऱ्या सीलरचा यात काही दोष नाही. ते कडं म्हणजे डाग नव्हेच. तिथला दगडच विरघळून झिलई गेलेली असते. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर ही सगळी चुनखडीची भावंडं. विड्याच्या पानाला लावायचा चुना याच कुळातला दगड भाजून होतो आणि शहाबादशेजारी वाडीला सिमेंटचे कारखाने उभे राहिले तेही याच दगडापायी. आंबटाशी या घराण्याचं वैर जुनं. लिंबू, चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी, सांडलेलं ताक, कुठलंही निमित्त पुरतं. बाथरूम धुवायचं ॲसिड तर विचारूच नका, पडताक्षणी फसफसतं. गेलेली झिलई घासून नव्यानेच आणावी लागते आणि ते पॉलिशवाल्याचं काम.

ग्रॅनाइटला लिंबाचं भय नाही, तेलाचं आहे. त्यातही फिकट रंगाच्याला जास्त. तेलाच्या बुधलीखाली गडद वर्तुळ दिसतं ते खरा डाग. सीलर यासाठी. तो दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतो आणि सांडलेलं आत मुरायला वेळ लावतो. त्या अवधीत फडकं फिरवणं आपल्याकडे. काही सीलर फक्त पाणी अडवतात, म्हणून ओट्यासाठी घेताना डब्यावर तेलाचाही उल्लेख आहे ना, ते वाचावं.

मुळात गरज आहे का, हे चमचाभर पाणी सांगतं. ओतून 10 मिनिटं थांबायचं. पुसल्यावर दगड काळवंडलेला दिसला तर तो पितोय, सीलर लावावा. गुळगुळीत काळा ग्रॅनाइट बहुधा पीत नाही. त्याच्यावर सीलर नुसता वाळून बसतो.

लावायचा तर आधी सौम्य साबणाने तेलकटपणा काढून ओटा किमान 24 तास कोरडा ठेवायचा. पावसाळ्यात हे काम काढूच नये. कोपऱ्यात करून पाहावं, मग हात-दोन हात जागेवर फडक्याने सीलरचा पातळ ओला हात द्यायचा आणि 5 ते 10 मिनिटांत, वाळायच्या आत, उरलेला सीलर कोरड्या फडक्याने पुसून काढायचा. सगळे घोळ इथेच होतात. ‘जास्त लावला की जास्त टिकेल’ म्हणून तसाच सोडला, की ओट्यावर ढगाळ, चिकट साय धरते. त्यावर त्याच सीलरचा ओला हात फिरवून लगेच रगडून पुसलं, तर बहुतेकदा निघते. नंतर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही.

तेलाचा जुना डाग आधी काढावा, नाहीतर तो आत कोंडला जातो. खायच्या सोड्यात पाणी घालून श्रीखंडाइतका दाट लेप करायचा, अर्ध्या सेंटिमीटरचा थर द्यायचा, वर प्लॅस्टिक चिकटवून दिवसभर ठेवायचं. मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा. वाळतानाच तो तेल ओढतो. दोन-तीनदा करावं लागतं.

कडप्प्याला खोबरेल चोळायचा घरगुती उपायही आहे. काळाभोर होतो खरा, चार दिवस. मग पोळ्या लाटताना उडालेली कणीक त्यावर अशी बसते, की बोटाने नाव लिहावं.