१.६ लिटरचा नियम आणि आईचे गुडघे

“१.६ च्या आतली घे, कर वाचतो.” २०२४ मध्ये गणपती उठले आणि कंपनीच्या कार लीज योजनेत (लीज कंपनीकडून भाड्याने घेतलेली गाडी, भाडं आपल्याच पगारातून, कर लागण्याआधी) माझं नाव लागलं. पुढचे दहा-बारा दिवस चाकणच्या आमच्या कॅन्टीनमध्ये जो भेटेल तो हेच वाक्य ऐकवत होता. किती वाचतो, असं विचारलं की “बराच” असं उत्तर यायचं. मी क्वालिटीत काम करते. “बराच” हा शब्द मी माझ्या माणसांना रिपोर्टमध्ये लिहू देत नाही, तिथे आकडा लागतो. म्हणून रविवारी सकाळी शंभर पानी वही घेऊन बसले.

तेव्हाचा, मार्च २०२६ पर्यंतचा, नियम असा होता. गाडी कंपनीने दिलेली आहे, मग ती कंपनीच्या मालकीची असो वा कंपनीने लीजवर घेतलेली. ती कामालाही वापरायची आणि घरालाही. पेट्रोल, सर्व्हिसिंग कंपनीच्या खात्यातून जातं. अशा वेळी इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिन्याला १,८०० रुपये तुमच्या पगारात मिळालेली सवलत म्हणून धरले जात, त्याहून मोठं असेल तर २,४००. ड्रायव्हरही कंपनीच्या खर्चाने असेल तर आणखी ९००. पेट्रोलचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल तर हेच आकडे ६०० आणि ९०० होत. कराच्या भाषेत याला परक्विझिट म्हणतात. गाडी आठ लाखांची की अठ्ठावीस लाखांची, हे तो नियम विचारत नाही.

आता वजाबाकी. २,४०० वजा १,८०० म्हणजे ६०० रुपये. वर्षाचे ७,२००. मी तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्यावर चार टक्के सेस (करावरचा उपकर) धरून ३१.२ टक्के. ७,२०० वर कर होतो २,२४६ रुपये. महिन्याला १८७.

मी आकडा पुन्हा करून पाहिला, मग सीए असलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “बरोबर आहे गं. लोक त्या १.६ वर अडतात आणि बाकीची पानं वाचत नाहीत.” बाकीची पानं म्हणजे लीजचा करार, चौदा पानी. तो दोन संध्याकाळी बसून वाचला, आणि ही पोस्ट खरं तर त्यासाठीच लिहिते आहे.

पण आधी गाडी कशी ठरली ते सांगते.

माझ्या मनात सात सीटर डिझेल एसयूव्ही होती. निगडीहून चाकणला रोज जाते, ट्रकच्या गर्दीत उंच गाडीत बसलं की बरं वाटतं. शोरूमला आईला घेऊन गेले, कारण आठवड्यातून दोनदा तिला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. आईने दार उघडलं, वरचं हँडल धरलं, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली. डाव्या पायाला वर ओढायचा जोर गुडघ्यात नव्हता. शोरूमचा मुलगा पुढे आला, “काकू, हात द्या.” आईने हात दिला नाही. पाय खाली घेतला, साडीची निरी सारखी केली आणि म्हणाली, “चांगली आहे गाडी. तू घे.” ती तसं म्हणाली की मला पुढचं सगळं कळतं. मग एका छोट्या हॅचबॅकमध्ये बसवून पाहिलं. आत जाणं सोपं, पण उठताना तिला सीटच्या कडेला दोन्ही हात टेकून तीनदा प्रयत्न करावा लागला. शेवटी क्रेटाची मागची सीट. आई आधी पाठमोरी टेकली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. उतरताना पाय सरळ जमिनीला लागले. तिने पुन्हा एकदा बसून-उतरून बघितलं, न सांगता. मी तिथेच ठरवलं. १४९७ सीसीचं पेट्रोल इंजिन, म्हणजे १.६ च्या आतच; पण ती त्यासाठी घेतली नाही.

आता करारातली पानं.

पहिली गोष्ट जीएसटी. लीजच्या भाड्यावर जीएसटी लागतो आणि त्याचा दर त्या गाडीच्या विक्रीवर जो दर असतो तोच. २०२४ मध्ये माझ्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस, मिळून ४५. मोठ्या एसयूव्हीवर ५०. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर २९. इलेक्ट्रिकवर ५. लीज कंपनीला गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं (तो तिच्या पुढच्या जीएसटीतून वजा होतो), त्यामुळे कर दोनदा बसतो असं नाही. पण भाड्यात गाडीची किंमत असते तसं लीज कंपनीचं व्याजही असतं, आणि ४५ टक्के संपूर्ण भाड्यावर लागतात, व्याजासकट. बँकेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. आपल्या कंपनीला या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो सगळा आपल्या सीटीसीतून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एकूण पगारातून, जातो. एचआरने पाठवलेल्या तक्त्यात याचा वेगळा रकाना नव्हता. तिथे नुसतं लिहिलं होतं, “भाडे ३६,५००.”

दुसरी गोष्ट आरटीओ. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १२ टक्के रोड टॅक्स आहे. तीच गाडी कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. माझ्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १४ लाख. स्वतःच्या नावावर १,६८,०००, कंपनीच्या नावावर २,८०,०००. फरक १,१२,००० रुपयांचा, आणि तो भाड्यात मिसळून चार वर्षं माझ्याकडूनच जाणार. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी हे विचारायचं: आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) कुणाच्या नावावर? लीजची नोंद करून गाडी कर्मचाऱ्याच्या नावावर घेता येते का? मी विचारलं. आमच्या योजनेत ते बसत नव्हतं, आरसी लीज कंपनीच्याच नावावर राहणार होती. ठीक आहे, पण निदान ते १,१२,००० रुपये माझ्या वहीत आले.

तिसरी गोष्ट आमच्या घरात घडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नवऱ्याच्या आधीच्या कंपनीत लीज नव्हती, गाडी कंपनी स्वतः विकत घ्यायची आणि काही वर्षांनी कर्मचाऱ्याला कमी किमतीत द्यायची. त्याची गाडी ९ लाखांची होती. तीन वर्षं दहा महिने झाल्यावर त्याने ती दीड लाखाला स्वतःच्या नावावर करून घेतली. आम्ही पेढे वाटले. मार्चचा पगार आला आणि त्यातून जवळजवळ ९७ हजार जास्तीचे कापलेले. तो आधी म्हणाला, काहीतरी चुकलंय.

चुकलं नव्हतं. कंपनीची गाडी कर्मचाऱ्याला देताना तिची किंमत नियमाने मोजतात. मूळ किमतीतून दरवर्षी २० टक्के कमी करायचे, तेही आधीच्या वर्षी उरलेल्या रकमेवर, आणि वर्ष पूर्ण झालेलं असेल तरच. दहा महिने म्हणजे शून्य. तीन पूर्ण वर्षांचे ९ लाखांचे ७.२० लाख, मग ५.७६ लाख, मग ४,६०,८००. त्यातून त्याने भरलेले दीड लाख वजा केले की ३,१०,८०० उरतात, आणि तेवढी रक्कम त्याच्या पगारात मिळवली गेली. त्यावर ३१.२ टक्के म्हणजे ९६,९७० रुपये. आणखी दोन महिने थांबला असता तर चौथं वर्ष पूर्ण होऊन किंमत ३,६८,६४० धरली गेली असती आणि कर ६८,२१६ झाला असता. दोन महिन्यांचे २८,७५४ रुपये. कंपनीत कुणी त्याला हे आधी सांगितलं नाही. फॉर्मवर सह्या घेणाऱ्या माणसाने एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्याला त्या पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की तो बेसावध राहिला. तुमच्यापैकी कुणाची गाडी कंपनीच्या मालकीची असेल तर खरेदीची तारीख आजच बघून ठेवा.

म्हणून माझ्या करारात मी सगळ्यात आधी शेवटचं पान उघडलं. चार वर्षांनी गाडी मला कोण विकणार? तिथे लिहिलं होतं की लीज कंपनी थेट मला विकेल, मूळ किमतीच्या २५ टक्क्यांना, अधिक जीएसटी. म्हणजे साडेतीन लाख आणि वर सुमारे दीड लाख. हे दीड लाखही एचआरच्या तक्त्यात नव्हते.

चौथी गोष्ट नोकरी सोडण्याची. आमच्या विभागातला एक जण दीड वर्षात दुसरीकडे गेला. नवीन कंपनी लीज चालू ठेवायला तयार नव्हती. त्याला उरलेली सगळी मुद्दल आणि वर फोरक्लोजरचा, म्हणजे मुदतीआधी लीज बंद करण्याचा, दंड एकरकमी भरावा लागला. ऑफर लेटर हातात असताना माणूस सहसा पगाराचा आकडा बघतो, या कलमाकडे त्याचं लक्षही जात नाही. माझं वय बेचाळीस, आई इथेच, मुलगी नववीत. चार वर्षं मी कुठे जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ज्याला ते माहीत नाही त्याने लीज घेऊ नये, कर कितीही वाचत असला तरी. या एका बाबतीत माझं मत ठाम आहे.

आता एकूण हिशेब. भाडं वर्षाला ४,३८,०००, पेट्रोलचे ८४,०००, मिळून ५,२२,००० पगारातून कर लागण्याआधीच बाजूला होतात. त्यातले २१,६०० परक्विझिट म्हणून पुन्हा करपात्र पगारात मिळवले जातात. उरलेल्या ५,००,४०० वर ३१.२ टक्क्यांनी वर्षाला १,५६,१२५ रुपये कर वाचतो. चार वर्षांचे सव्वासहा लाख. एचआरच्या तक्त्यात तळाला हाच आकडा हिरव्या रंगात होता. मी नवीन कर पद्धतीत आहे, तिथेही गाडीच्या परक्विझिटचा हा नियम तसाच लागू आहे. घरभाडं, ८०सी (गुंतवणुकीवरची सूट) वगैरे सवलती गेल्या तरी हे राहिलं, म्हणून तर आजकाल इतके लोक लीजकडे वळतात.

पण त्या हिरव्या आकड्यातून वजा काय करायचं? चार वर्षांचं भाडं साडेसतरा लाख, शेवटी गाडी घेण्याचे पाच. साडेबावीस. तीच गाडी मी कर्ज काढून स्वतःच्या नावावर घेतली असती तर रोड टॅक्स, व्याज आणि चार वर्षांचा विमा धरून साडेवीसच्या आसपास जात होतं. (माझ्या भाड्यात विमा आहे, म्हणून तो दोन्हीकडे धरला.) म्हणजे लीज दोन लाखांनी महाग, आणि खरी बचत सव्वाचार लाख. सव्वाचार लाख ही चांगलीच रक्कम आहे, म्हणूनच मी सही केली. पण सव्वासहा समजून सही करणं आणि सव्वाचार समजून सही करणं यात फरक आहे. सव्वासहाच्या भरात मी ती मोठी एसयूव्ही घेऊन बसले असते.

दसऱ्याला गाडी आली. आईने झेंडूचं तोरण घरीच ओवलं होतं, ते बॉनेटला बांधलं. पुढच्या आठवड्यापासून ती मागच्या सीटवर पाठमोरी टेकून दोन पाय आत घेते, कुणाचा हात लागत नाही.

कागदांबद्दल एक सांगायचं राहिलं. पेट्रोल पंपावरची पावती थर्मल कागदाची असते. मी पहिले तीन महिने त्या डॅशबोर्डच्या खणात साठवल्या. जानेवारीत क्लेमला काढल्या तर ऑक्टोबरच्या पावत्यांवर पंपाचं नाव तेवढं दिसत होतं, रक्कम उडालेली. चार पावत्या गेल्या. आता पंपावरच फोटो काढते, गाडी सुरू करण्याआधी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. छोट्या गाड्यांवर १८, मोठ्यांवर ४०, सेस गेला, इलेक्ट्रिकवर ५ तसेच. माझी गाडी ४५ वरून ४० वर आली आणि ऑक्टोबरचं भाडं हजारभर रुपयांनी उतरलं. ते आपोआप झालं नाही. पहिलं बिल जुन्याच दराने आलं होतं, मी मेल टाकल्यावर दुरुस्त होऊन आलं. ज्यांची लीज आधीपासून चालू आहे त्यांनी सप्टेंबरनंतरचं बिल एकदा काढून दर तपासावा.

जून २०२५ मध्ये फॉर्म १६ सोबत १२बीए (परक्विझिटचा तक्ता) आला, त्यात गाडीच्या ओळीत १०,८०० होते: ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने, बरोबर. २०२५-२६ च्या फॉर्ममध्ये त्या ओळीत २१,६०० यायला हवेत. ती फाइल उघडली की आधी तेच पान बघणार आहे.