तुम्ही विचारलंत म्हणून: डीटीटी (डायथायोथ्रीटॉल, ऑक्सिडेशन उलटवणारं रसायन) घातल्यावर ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, म्हणजे हे स्टेरॉइड हॉर्मोन धरणारं पेशीतलं प्रोटीन, परत येतो कुठून?

यकृतावर काम करणारे विद्यार्थी हा प्रश्न वरचेवर विचारतात. रॅटच्या यकृताचं सायटोसोल (पेशी फोडून मिळणारं विरघळलेल्या प्रोटीनांचं द्रव) केलं, किरणोत्सारी ट्रिशियम लावलेलं डेक्सामेथासोन हे कृत्रिम हॉर्मोन घातलं, पहिल्या दिवशी बायंडिंग, म्हणजे रिसेप्टरने धरलेलं हॉर्मोन, छान आलं. तेच सायटोसोल रात्रभर बर्फावर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आकडे कोसळले. प्रोटीन किती आहे ते दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवरचा पट्टा मात्र तेवढाच जाड. मग कुणीतरी सांगितलं म्हणून डीटीटी घातलं, आणि बायंडिंग बरंचसं परत आलं. मधल्या वेळात रिसेप्टर होता कुठे?

होता तिथेच. हॉर्मोन धरायची त्याची ताकद तेवढी गेली होती. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या ज्या भागात हॉर्मोन बसतं तिथे रॅटमध्ये ६४०, ६५६ आणि ६६१ या क्रमांकांचे सिस्टीन आहेत. (सिस्टीन म्हणजे गंधकाचा थायॉल गट असलेलं अमिनो आम्ल.) त्यातले ६५६ आणि ६६१ इतके जवळ येतात की सोडियम आर्सेनाइट दोघांना एकदम पकडतं आणि बायंडिंग बंद पाडतं. हवेतल्या ऑक्सिजनने हे थायॉल गट ऑक्सिडाइझ झाले, त्यांच्यात डायसल्फाइड (दोन गंधकांमधला बंध) जुळलं, की हॉर्मोन बसायच्या खोबणीचा आकार बदलतो. डीटीटी तो बंध सोडवतं, इतकंच.

पेशीत डीटीटी नसतं. तिथे हे काम मुख्यतः थायोरेडॉक्सिन करतं. मिशिगन विद्यापीठातल्या विल्यम प्रॅट यांच्या गटाने १९८०च्या दशकात दाखवलं की सायटोसोलमधला रिसेप्टरला जागं ठेवणारा, उकळूनही न मरणारा घटक म्हणजे हेच सुमारे १२ किलोडाल्टनचं प्रोटीन. त्याला इलेक्ट्रॉन मिळतात एनएडीपीएच या पेशीतल्या छोट्या रेणूकडून, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या एन्झाइममार्फत. व्यवहारात याचा अर्थ असा: सायटोसोल डिसॉल्टिंग कॉलममधून (छोटे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) काढलंत की थायोरेडॉक्सिन राहतं, पण एनएडीपीएच मागे पडतो. मग डीटीटी नसलेल्या बफरमध्ये ते गरम केलंत तर बायंडिंग घसरणारच, आणि तुम्ही दोष देणार कॉलमला.

बफर साधा ठेवा: १० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.४, १ मिलिमोलर ईडीटीए, १० टक्के ग्लिसरॉल, २० मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट आणि ऐनवेळी घातलेलं २ मिलिमोलर डीटीटी. 'ऐनवेळी' महत्त्वाचं आहे. २० अंशांना डीटीटीचं अर्धायुष्य पीएच ६.५ ला सुमारे ४० तास, ७.५ ला १० तास आणि ८.५ ला जेमतेम दीड तास. गेल्या आठवड्याचा बफर म्हणजे डीटीटी नसलेला बफर. स्टॉक पाण्यात १ मोलरचा करून छोट्या नळ्यांत उणे २० वर ठेवा. एकदा वितळवलेली नळी परत गोठवू नका.

यकृत काढण्याआधी थंड सलाइनने रक्त धुऊन टाका. रॅटच्या ॲड्रिनल ग्रंथी तीन-चार दिवस आधी काढलेल्या असाव्यात, नाहीतर त्याचं स्वतःचं कॉर्टिकोस्टेरॉन हे हॉर्मोन खोबणीत बसलेलं असतं. (अशा रॅटना प्यायला ०.९ टक्के मिठाचं पाणी लागतं.) वाटलेलं यकृत सेंट्रिफ्यूजमध्ये १ लाख जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) तासभर फिरवल्यावर वरचा चरबीचा थर टाळून मधलं द्रव घ्या.

बायंडिंग गेलं म्हणजे ऑक्सिडेशनच झालं, असं धरून चालू नका. हॉर्मोन नसताना हीट शॉक प्रोटीन ९०, म्हणजे रिसेप्टरचा आकार सांभाळणारं जोडीदार प्रोटीन, त्याला सोडून गेलं तरी बायंडिंग जातं, आणि ते नुसत्या डीटीटीने परत येत नाही. ही जोडी सुटू नये यासाठीच मॉलिब्डेट असतं. म्हणून सायटोसोलचा एक हिस्सा बर्फावर डीटीटीबरोबर अर्धा तास ठेवून मग हॉर्मोन घाला: आकडा चढला तर थायॉल दोषी, नाही चढला तर हीट शॉक प्रोटीन किंवा प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) तपासा. डीएनए-बायंडिंग मोजायचं असेल तर गणित उलटं होतं. तिथे मॉलिब्डेट काढावंच लागतं, कारण ते रिसेप्टरला सक्रिय होऊ देत नाही. शिवाय रिसेप्टरच्या डीएनए धरणाऱ्या भागात झिंक फिंगर नावाच्या दोन घड्या असतात, आणि त्यांतले प्रत्येकी चार सिस्टीन जस्त धरून असतात. ते ऑक्सिडाइझ झाले की जस्त निसटतं, आणि हॉर्मोन बसलेला रिसेप्टरही डीएनएवर बसत नाही.

जिवंत पेशींत खरी फसगत होते ती माध्यमामुळे. हेपॅटोसाइट (यकृतपेशी) वाढवायच्या माध्यमात बहुधा १०० नॅनोमोलरच्या आसपास डेक्सामेथासोन आधीच असतं, म्हणजे रिसेप्टर केंद्रकात जाऊन बसलेला. ते काढा, सिरम कोळशाने साफ केलेलं वापरा. दुसरं, ऑक्सिडेशन घडवायला घातलेला हायड्रोजन पेरॉक्साइडचा एकच डोस असेल तर या पेशींमधलं कॅटलेज हे एन्झाइम त्याला काही मिनिटांत संपवतं, आणि माध्यमातलं १ मिलिमोलर पायरुव्हेट त्याआधीच बराचसा खातं. पायरुव्हेटरहित माध्यमात ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम घालून पेरॉक्साइड सतत तयार होत ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. परिणाम मोजायला टायरोसिन अमायनोट्रान्सफरेज घ्या, म्हणजे हा रिसेप्टर चालू झाला की यकृतात वाढणारं एन्झाइम. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र हाच पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात संदेश वाढवतो, कारण इन्सुलिनचा संदेश थांबवणाऱ्या पीटीपी१बी या फॉस्फेटेज एन्झाइमचा सिस्टीन २१५ तो बंद पाडतो. तेव्हा 'ऑक्सिडेशनने हॉर्मोनचं काम मंदावतं' असं सरसकट वाक्य शोधनिबंधात लिहू नका.

पेशीतल्या ऑक्सिडेशनचं माप म्हणून ग्लुटाथायोन या थायॉल रेणूचं क्षपित (ऑक्सिडाइझ न झालेलं) आणि ऑक्सिडाइझ्ड यांचं गुणोत्तर देणार असाल तर पेशी फोडतानाच थायॉल झाकून टाकणारं एन-इथिलमॅलिमाइड घाला. समजा खरं प्रमाण क्षपित ८ मिलिमोलर आणि ऑक्सिडाइझ्ड ०.०४, म्हणजे २००. नमुना करताना क्षपितातलं फक्त १ टक्का हवेने ऑक्सिडाइझ झालं की (दोन क्षपित रेणूंचा एक ऑक्सिडाइझ्ड बनतो) दुसरा आकडा ०.०८ होतो आणि गुणोत्तर ९९ वर येतं. पेशीला काहीही झालेलं नसताना आलेख निम्म्यावर, आणि तोच आलेख रिसेप्टरच्या घसरणीशेजारी लावायचा मोह फार होतो.