तार सा कुणाचा

अक्काचा धाकटा काल माझ्या घरी बनवलेल्या व्हॉल्व्ह अँपला मीटर लावून गेला. एका वॅटला डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर, 3 टक्के, आणि त्यातलं जवळजवळ सगळं सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा सूर. "मामा, वाईट काही नाही. फक्त अँप गाण्यात स्वतःचं थोडं घालतो," एवढंच म्हणाला आणि चहा न घेताच निघाला.

आकड्याने धक्का बसावा असं काही नव्हतं. त्यातल्या ईएल84 या आउटपुट व्हॉल्व्हच्या डेटाशीटवरच छापलेलं आहे: एकच व्हॉल्व्ह, क्लास ए, 250 व्होल्ट, 5.7 वॅट, आणि तेव्हा डिस्टॉर्शन 10 टक्के. मी तर स्क्रीन ग्रिड प्लेटला जोडून, ट्रायोड करून, जेमतेम दोन वॅट घेतो. तरी रात्री झोप लागली नाही.

स्वतःचं घालतो म्हणजे, आत मध्य सा गेला की बाहेर पडताना त्याच्यासोबत बारीकसा तार सा येतो. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह उलटसुलट चालतात आणि दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक एकमेकांना खाऊन टाकतात. इथे व्हॉल्व्ह एकटा. हे माहीत असूनच मी हे सर्किट निवडलं. मग मालिनीबाई राजूरकरांचा टप्पा लागला की अंगावर काटा येतो, तो त्यांच्या गळ्याने की माझ्या व्हॉल्व्हने?

सकाळी तंबोऱ्याचा आधार घेऊन पाहिला. जवारी लावताना मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवत राहतो, ते हार्मोनिक उमलावेत म्हणूनच. खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो तो तिचा पाचवा हार्मोनिक, आणि त्याला कुणी दोष म्हणत नाही. तासभर बरं वाटलं. पण ती जवारी गाणाऱ्याने स्वतःच्या कानाने पारखलेली असते, ती गाण्याचाच भाग असते. माझा व्हॉल्व्ह गाणं संपल्यावर येतो आणि कुणाला न विचारता आपला सा लावतो.

त्याहून जास्त लागलं ते दुपारी लक्षात आलं. एकच सूर असेल तर सेकंड हार्मोनिक गोडच लागतो. पण दोन सूर एकत्र आले की तोच वाकडेपणा त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही तयार करतो, आणि ते पुष्कळदा मूळ सुरांशी जुळत नाहीत. पाच-पन्नास वाद्यं एकदम वाजली की सगळं गढूळ. गेल्या काही वर्षांत मी वाद्यवृंद ऐकणं जवळपास सोडलंय. एक गळा, तंबोरा, तबला, बस. मला वाटायचं वयाबरोबर आवड निवळत गेली. आता वाटतं, अँपला जे जमतं तेवढंच मला आवडायला लागलं. माझं असं काय उरलं मग? बाबा असते तर… जाऊ दे.

पण बाबांच्या रेडिओतही शेवटी एकच आउटपुट व्हॉल्व्ह होता. सकाळची भक्तिगीतं, रात्रीची संगीतसभा, सगळं त्यातूनच आलं. माझा कान तयार झाला तोच त्या तार सासकट. असा कोरा, कुणीच न घडवलेला कान कुणाकडे असतो? धाकट्याचा इयरफोनवर घडला. त्याला माझा अँप ऊबदार वाटत नाही, तर मला त्याचा आवाज कोरडा वाटतो, आणि दोघंही खरं बोलतो.

हे लिहिता लिहिता 300बी चा प्रश्न मात्र सुटला. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 1938 चा व्हॉल्व्ह, देखणा, एकट्याने आठ वॅट देणारा. कधीपासून मनात होता. पण दोनाचे आठ वॅट म्हणजे फक्त 6 डेसिबल. त्यासाठी नवी पॉवर सप्लाय, फिलामेंटच्या हमशी, त्या सततच्या गुणगुणीशी, झगडा, आणि पुन्हा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. प्रायमरीतून सतत डीसी वाहतो म्हणून कोअरला गॅप हवा, गॅप दिला की इंडक्टन्स घटतो, मग खर्ज टिकवायला कोअर मोठा. वाइंडिंगवाल्याला मागच्या वेळी कोअरचे सगळे ई आकाराचे पत्रे एका बाजूला, सगळे आय आकाराचे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद असं भरायला सांगितलं, तर तो ऐकेचना. एवढा खर्च उपसूनही व्हॉल्व्ह एकटाच राहणार. त्यापेक्षा त्या पैशांत जास्त सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारे स्पीकर बघावेत. 89 चे 95 डेसिबल झाले की तेच 6 डेसिबल मिळतात, आणि त्याच आवाजाला व्हॉल्व्हकडून वॅटही चौथाईच लागतात.

आणि फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं, म्हणजे डिस्टॉर्शन घटतं. इतकी वर्षं हट्टाने लावला नव्हता. उद्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून, म्हणजे स्पीकरकडच्या बाजूवरून, सुरुवातीच्या ईसीसी83 व्हॉल्व्हच्या कॅथोडपर्यंत एक रेझिस्टर नेतो, मध्ये स्विच. फेज उलटी लागली तर किंचाळेल, मग सेकंडरीच्या तारा अदलाबदल करायच्या. फीडबॅक लागला की आवाज उतरतो, तेव्हा दोन्हीकडे पातळी सारखी करून घ्यायला हवी, नाहीतर मोठा तोच चांगला वाटणार. अक्काला फोन करून सांगतो, रविवारी धाकट्याला पाठव. स्विच त्याच्या हातात देणार, मी पाठ करून बसणार. आधी मालिनीबाई, मग एखादा मोठा वाद्यवृंद.